नेट समानता (भारत)

नेट समानता किंवा नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यावरून जाणाऱ्या सर्व माहितीला सारखीच वागणूक द्यावी, हे तत्त्व होय. एखादे संकेतस्थळ अडविणे, त्याचा वेग मुद्दाम कमी करणे किंवा पैसे घेऊन दुसऱ्यास प्राधान्य देणे या तत्त्वात बसत नाही. ही संज्ञा अमेरिकी विधिज्ञ टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली. भारतात या प्रश्नावर २०१५-१६ मध्ये मोठा सार्वजनिक वाद झाला.

पार्श्वभूमी

दूरसंचार कंपन्यांना स्पेक्ट्रम, मनोरे व केबल यांवर मोठा खर्च करावा लागतो. व्हॉट्सॲप, स्काइप यांसारख्या सेवा त्याच जाळ्यावरून चालतात आणि कंपन्यांचे कॉल व लघुसंदेशांचे उत्पन्न घटवितात. त्यामुळे या सेवांनी खर्चाचा वाटा उचलावा, अशी कंपन्यांची भूमिका होती. याउलट, ग्राहक डेटाचे पैसे आधीच भरतो आणि डेटाला मागणी या सेवांमुळेच येते, असे विरोधकांचे म्हणणे होते. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलसाठी वेगळे दर जाहीर केले. टीका झाल्यावर ते मागे घेण्यात आले.

शून्य दर योजना

ठरावीक सेवा वापरल्यास ग्राहकाला डेटाचे शुल्क पडत नाही, अशा योजनेस शून्य दर योजना म्हणतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्ससह 'इंटरनेट डॉट ऑर्ग' ही योजना भारतात आणली. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. एप्रिल २०१५ मधील 'एअरटेल झीरो' योजनेत हे शुल्क ग्राहकाऐवजी सेवा देणारी कंपनी भरणार होती. फ्लिपकार्टने विरोध पाहून या योजनेतून माघार घेतली.

अशा योजनांमुळे गरिबांना इंटरनेटची ओळख होईल, असा समर्थकांचा दावा होता. मात्र शुल्क भरू शकणारी मोठी कंपनी ग्राहकाला फुकट आणि नवोदित कंपनी महाग पडली, तर स्पर्धा गुणवत्तेवर न होता पैशाच्या बळावर होईल, असा आक्षेप घेण्यात आला.

नियमन

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) मार्च २०१५ मध्ये मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आशयानुसार वेगवेगळे डेटा दर आकारण्यास बंदी घातली. उल्लंघनासाठी दररोज ५०,००० रुपये व कमाल ५० लाख रुपये दंड ठरविण्यात आला. आपत्कालीन सेवांना सवलत देण्यात आली. त्यानंतर काही दिवसांतच फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केले. वेग व अडवणुकीविषयीच्या ट्रायच्या नोव्हेंबर २०१७ मधील शिफारशी दूरसंचार आयोगाने जुलै २०१८ मध्ये मान्य केल्या.

नंतरचा काळ

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओच्या आगमनानंतर डेटाचे दर झपाट्याने उतरले आणि फुकट डेटाचे आकर्षण कमी झाले. स्पर्धेचे स्वरूपही बदलले. जोडणी देणाऱ्या कंपन्या स्वतःच्या चित्रपट व संगीत सेवा चालवू लागल्या, तसेच रिचार्जसोबत इतर मनोरंजन सेवांचे सदस्यत्व देऊ लागल्या. अशा सदस्यत्वात पाहिलेला डेटा ग्राहकाच्या खात्यातूनच वजा होत असल्यास दरबंदीचा भंग होत नाही. जास्त डेटा वाहून नेण्यास भाग पाडणाऱ्या बड्या सेवांनी जाळ्याच्या खर्चात वाटा द्यावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी त्यानंतरही कायम राहिली.