ठासणीच्या बंदुकीचे दारूचे शिंग : स्वरूप, धारणपद्धती व सुरक्षितता
(मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मराठ्यांच्या व निजामाच्या लष्करी इतिहासाविषयी आजवर जे लेखन झाले, त्यात तोफा, किल्ले आणि घोडदळ यांचा विचार विस्ताराने आढळतो. सामान्य बंदूकधारी शिपाई आपल्या वाट्याची दारू अंगावर कशी बाळगीत होता, हा प्रश्न मात्र क्षुल्लक समजून बाजूला ठेवला गेला. वस्तुतः तो क्षुल्लक नाही. तोड्याच्या बंदुकीच्या काळात शिपायाच्या एका हातात जळती जामगी असे आणि वीतभर अंतरावर त्याच्याच अंगावर पावशेर दारू लटकत असे. हे अंतर कसे राखावे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न होता. ग्रामीण भागातील जुन्या घरांतून अशी शिंगे अद्यापही निघतात आणि विद्यार्थी ती कौतुकाने महाविद्यालयातील प्रदर्शनात आणतात. त्यामुळे हा विषय इतिहास विभागातील अध्यापकांच्या आजच्या कामाशीही निगडित आहे.

दारूचा स्वभाव :

काळ्या दारूचे प्रचलित प्रमाण वजनाने शंभरात सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असे आहे. शुद्ध सोरा हवेतील ओलावा फारसा शोषत नाही. परंतु त्यात मिठाचा अंश राहिला असेल तर दारू लवकर सर्दावते. सर्दावलेली दारू पेटते ती फुसफुसत. मराठीतील ‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आज आपण पुढाऱ्यांच्या घोषणांसाठी राखून ठेवला असला, तरी तो याच अनुभवातून आलेला आहे. कोरडी दारू याउलट एका ठिणगीवर भडकते आणि कोंडलेल्या जागेत पेटली तर पात्र फोडून बाहेर पडते. ओलावा व ठिणगी हे दारूचे दोन शत्रू होत. दारू वाहण्याच्या प्रत्येक साधनाचे मूल्यमापन याच दोन कसोट्यांवर करावे लागते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडावरील दारूखान्याविषयी दिलेल्या सूचना या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारू जमिनीला टेकू न देता उंचावर ठेवावी, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून उन्हात वाळवावी व पुन्हा मोहोरबंद करावी, असा त्या सूचनांचा आशय आहे. गडावर जी काळजी हवालदाराने घ्यावयाची, तीच काळजी रानात किंवा मोर्चावर प्रत्येक शिपायाला आपल्या शिंगापुरती घ्यावी लागे.

शिंगच का ?

कातड्याची थैली, लाकडी डबी, भोपळा, पितळी पात्र, हस्तिदंत, शिंपला अशा नाना वस्तू दारूसाठी वापरल्या गेल्या. तरीही जगभर सामान्य माणसाने शिंगच पसंत केले, यामागे केवळ स्वस्ताई नव्हती. बैलाचे किंवा म्हशीचे शिंग आत हाडाचा गाभा व बाहेर नखासारख्या द्रव्याचे आवरण अशा रचनेचे असते. उकळून गाभा काढला की पोकळ, हलके व पाणी न झिरपणारे पात्र आपोआप मिळते. रुंद तोंड लाकडी बुचाने व मेणाने बंद करावयाचे आणि टोकाला भोक पाडून खुंटी बसवावयाची, एवढेच काम उरते. निमुळता आकार नरसाळ्याचे काम करतो. शिंगावर लोखंड आपटले तरी ठिणगी उडत नाही. फिकट रंगाचे शिंग तासून पातळ केले तर उजेडासमोर धरताच आतील दारूची पातळीही दिसते. धातूच्या पात्राला ही सोय नाही. कोकणात सावंतवाडी परिसरातील शिंगकाम प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पोळ्याला ज्या शिंगांना हिंगूळ लावला जातो, तीच शिंगे जनावराच्या पश्चात अशा उपयोगाला येत असत.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. नळीत ठासावयाची दारू आणि कानाजवळच्या वाटीत घालावयाची रंजक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंजक बारीक दळलेली असे, म्हणजे ती तत्काळ पेट घेई. म्हणून सावध शिपाई दोन पात्रे बाळगी : एक मोठे शिंग व एक लहान रंजकदाणी. संग्रहालयांतून दिसणारी, हरिणांच्या व पक्ष्यांच्या आकृती कोरलेली हस्तिदंती मोगल पात्रे बहुतांशी रंजकदाण्या आहेत. त्यांच्या चिमुकल्या पोकळीत नळीत ठासण्याजोगी दारू दोन-चार बारांपुरतीही मावणार नाही. तरीही त्यांच्याखाली सरसकट ‘दारूचे शिंग’ अशी चिठ्ठी लावलेली आढळते.

अंगावर कोठे बाळगावे ?

शिंग वाहण्याचे प्रकार मुख्यतः तीन : खांद्यावरून तिरप्या पट्ट्याने कुशीला लटकवणे, कमरपट्ट्याला अडकवणे आणि गोळ्या-चिंध्यांच्या पिशवीच्या पट्ट्यालाच जोडून टाकणे. वरकरणी हा सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु बंदूक भरण्याची कृती डोळ्यांसमोर आणली म्हणजे प्रत्येक प्रकाराचे गुणदोष कळतात.

उजव्या हाताचा बंदूकधारी दस्ता जमिनीवर टेकवतो, डाव्या हाताने नळीचे तोंड धरतो आणि उजव्या हाताने दारू ओततो. शिंग उजव्या कुशीला असेल तर हात थेट त्यावर पडतो. डाव्या कुशीला असेल तर हात शरीरासमोरून आडवा न्यावा लागतो. परंतु गज ओढताना व ठासताना शिंग मध्ये येत नाही. घोडेस्वाराच्या डाव्या बाजूस तलवार असल्याने त्याला उजवी कूस अधिक मोकळी असते. याहून महत्त्वाची गोष्ट पट्ट्याच्या लांबीची आहे. पट्टा लांब असेल तर शिंग मांडीवर आपटत राहते, वाकले की पुढे झोकते आणि नेमके जळत्या जामगीसमोर येते. ते शेवटच्या बरगडीच्या आसपास, अंगाला चिकटून राहील इतकाच पट्टा हवा. बैलाच्या डाव्या व उजव्या शिंगाचे वळण परस्परविरुद्ध असते. त्यामुळे ज्या कुशीला बाळगावयाचे तिच्या गोलाईशी जुळणारे शिंग निवडले तर ते अंगसरशी बसते. चुकीचे निवडले तर त्याचे टोक सतत बाहेर राहते व बाभळी-बोरींच्या झुडपांत अडकते. मराठवाड्यातील काटवनात फिरलेल्या कोणासही याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

कमरपट्ट्याला अडकवलेले शिंग हालत नाही, हा त्याचा गुण. परंतु नेम धरून दबा धरणाऱ्याला पोटावर किंवा गुडघ्यावर बसावे लागते. तेव्हा ते टोचते व त्याची खुंटी निघण्याचा धोका असतो. पिशवीला जोडलेले शिंग एका हिसक्यात सर्व सामानासह उचलता येते, म्हणून एकट्या शिकाऱ्याला ते सोयीचे. मात्र पिशवीत चकमक, गारगोटी व लोखंडी हत्यारे असतात आणि दारू त्यांच्या शेजारी राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते तोड्याच्या बंदुकीसाठी स्वतंत्र तिरपा पट्टा हीच निर्विवाद श्रेष्ठ पद्धत होय. चकमकीच्या किंवा नंतरच्या टोपीच्या बंदुकीत जळता तोडा नसल्याने निवडीला अधिक वाव राहतो.

माप :

धारणपद्धती कोणतीही असो, एक नियम महत्त्वाचा : शिंगातून थेट नळीत दारू ओतू नये. आधीच्या बाराची एखादी ठिणगी किंवा पेटती चिंधी नळीच्या तळाशी धुमसत असते. ओतलेल्या दारूची धार पेटली तर आग त्या धारेवरून शिंगापर्यंत चढते आणि हातातले शिंग बॉम्बगोळ्यासारखे फुटते. म्हणून आधी दारू मापात काढावयाची, शिंगाची खुंटी बंद करून ते मागे सारावयाचे आणि मगच माप नळीत रिकामे करावयाचे. अशा वेळी पेट घेतलाच तर एका बाराचीच दारू जळते. हात भाजतो, जीव वाचतो. एका बाराला ७० ग्रेन म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम दारू धरली, तर २०० ग्रॅमच्या शिंगात चव्वेचाळीस बार मावतात. माप वापरणे आणि न वापरणे यांतील फरक एक बार व चव्वेचाळीस बार यांच्यातील फरक आहे. माप बहुधा शिंगाचेच, हाडाचे किंवा बांबूच्या पेराचे असे व ते पट्ट्यालाच दोरीने बांधलेले असे.

शिंग आणि तोस्तान :

शिंगाला पर्याय निघाला तो कवायती फौजांतून. युरोपात सतराव्या शतकात प्रथम एकेका बाराची दारू भरलेल्या लाकडी कुप्या पट्ट्याला टांगण्याची रीत होती. त्या एकमेकींवर आपटून खडखडत, गुंतत आणि एक पेटली की शेजारचीही पेटे. पुढे दारू व गोळी एकत्र गुंडाळलेले कागदी काडतूस आले आणि ते ठेवण्यासाठी चामड्याची पेटी, म्हणजे तोस्तान. काडतूस दाताने फाडावयाचे, थोडी दारू रंजकेसाठी वाटीत, उरलेली नळीत, वरून गोळी व कागद. मोजणे नाही, शिंग नाही. चकमकीच्या बंदुकीचा कसलेला शिपाई यामुळे मिनिटाला तीन बार काढू शके. आपल्याकडे बुसीच्या फ्रेंच कवायतीत तयार झालेले गारदी, १७६१ मध्ये पानिपतावर लढलेले इब्राहिमखान गारद्याचे पायदळ आणि महादजी शिंदे यांच्यासाठी द बॉयनने उभे केलेले कंपू हे याच परंपरेतील होत.

काडतुसामुळे वेग वाढला, पण नेम सुधारला नाही. पेचदार खाचांच्या रायफलीत तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून घट्ट गोळी बसवावी लागते आणि दारूचे माप काटेकोर लागते. म्हणूनच इ. स. १८०० मध्ये स्वीकारलेली बेकर रायफल वापरणारे इंग्रज शिपाई तोस्तानासोबत दारूचे शिंगही बाळगीत : घाईच्या वेळी काडतूस, नेमाच्या वेळी शिंग. शिंग मागासलेले व काडतूस पुढारलेले असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

मात्र सत्तेच्या दृष्टीने दोहोंत मोठा भेद आहे. शिंग शिपायाचे स्वतःचे. त्यात कोणती दारू भरावी हे तो ठरवतो. काडतूस सरकारी कारखान्यातून येते आणि ते तोंडाला लावण्याचा हुकूम असतो. १८५७ मध्ये एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांच्या चरबीवरून जो प्रक्षोभ झाला, तो मुळात दारू शिपायाच्या हाती कशा रूपात द्यावी या प्रश्नातून उद्भवला होता. ती रायफलही ठासणीचीच होती. मेरठच्या ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली व ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी उठाव झाला.

हिंगोली परिसराचा अनुभव :

हिंगोली हे निजामाच्या कंटिंजंट फौजेचे प्रमुख ठाणे होते. या फौजेचे पूर्वरूप असलेली रसेल ब्रिगेड कंपनीच्या धर्तीवर कवायत, चकमकी बंदुका व तोस्तान यांनी सज्ज होती. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याच्या हाताखाली या फौजेने हटकर नाईक नोवसाजी याच्या नोव्हाच्या गढीला वेढा घातला. गढीत अरब शिपायांचा भरणा होता आणि अरबांचे आवडते हत्यार तोड्याची बंदूक. तटाआड बसून एकेक नेम साधणाऱ्याला वेगापेक्षा स्वतःच्या हाताने मोजलेली दारू अधिक उपयोगी असते. उघड्यावर ओळीने चाल करणाऱ्याला मोजत बसण्यास सवड नसते. गढी पडली, ती तोफा व संख्याबळ यांच्यापुढे. त्यावरून शिंगाच्या किंवा तोस्तानाच्या श्रेष्ठतेचा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९०३ मध्ये कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले. शिंग मात्र गावांतून शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुकीसोबत टिकून राहिले.

आजची जबाबदारी :

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्वतंत्र उल्लेख आहे. असा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे; वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ त्याच्यावर लागू राहतोच. कलम ४५ अन्वये कालबाह्य किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला सूट मिळते, ती दुरुस्ती करूनही ते चालण्याजोगे नसेल तरच. घरातील जुनी ठासणीची बंदूक ‘आजोबांची आठवण’ म्हणून प्रदर्शनात मांडण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे.

शिंगाच्या बाबतीत धोका अधिक छुपा आहे. बंद शिंगात कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेटते. विद्यार्थ्याने आणलेले शिंग हलवल्यावर आत खुळखुळ वाजली तर ती वाळू समजू नये. खुंटी लोखंडी पकडीने किंवा तापवून काढू नये. जवळ उदबत्तीही नको. उद्घाटनाला समई लावण्याची आपली प्रथा लक्षात घेता हे लिहावे लागते. अशी वस्तू वर्गात न ठेवता पोलीस ठाण्याला कळवणे हाच मार्ग. दारू पाण्यात टाकली की सोरा विरघळून ती निकामी होते, परंतु हे काम तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावे.

रिकामे व सुरक्षित झालेले शिंग मग नोंदीला घ्यावे. त्यात किती मिलिलिटर पाणी मावेल, हे कोरड्या मोहरीने मोजावे, म्हणजे ते बारूदाचे की रंजकेचे हे ठरते. तोंडाच्या भोकाचा व्यास, बुचाचे लाकूड, मेणाचे अवशेष यांची नोंद व्हावी. ज्या अंगाने शिंग कपड्यांवर घासत असे ते अंग गुळगुळीत झालेले असते आणि पट्ट्याच्या खाचेची एक कड अधिक झिजलेली असते. या दोन खुणा व शिंगाचे वळण एकत्र पाहिले असता ते कोणत्या कुशीला व किती उंचीवर लटकत होते, याचा अंदाज करता येतो.