तीळ : कोठारांतला आणि अंगावरला

संक्रांतीस हातावर पडणारा तीळ आणि गालावर उमटलेला तीळ हा एकच शब्द होय, हें वाचकांस सांगावयास नको. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, प्राचीन वैद्यांच्या हातीं हें नांव नुसतें उपमेचें राहिलें नाहीं; तें माप झालें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, तेराव्या अध्यायांत, क्षुद्ररोगांमध्यें 'तिलकालक' येतो : काळा, तिळाएवढा, न दुखणारा, त्वचेशीं सपाट. उडदासारखा उंचावलेला तो 'मषक', म्हणजे आपला मस. जन्मतः असणारा 'जतुमणि' निराळा. मसुरावरून 'मसूरिका', म्हणजे देवी, ज्यांचें जगांतून निर्मूलन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. चामखीळ मात्र धान्यांतली नव्हे. ती 'चर्मकील', कातड्यांत ठोकलेला खिळा. तोंडावरील वांग म्हणजे संस्कृत 'व्यंग'.

जातां जातां : 'तेल' हा शब्दही 'तैल', म्हणजे तिळाचें तें, यावरून आला; तेव्हां आमच्या माळशिरसकडील करडईचें तेल हा शब्दार्थानें वदतोव्याघातच!

असो. लग्नाच्या मुलीचा तीळ उजवीकडे कीं डावीकडे, याची चौकशी होते. तो वाढतो आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं. तिळाचा दाणा सुमारें ३ मिलिमीटर लांब असतो. अंगावरील तीळ ६ मिलिमीटरांहून मोठा झाला, कडा वेड्यावांकड्या झाल्या, एकाच डागांत दोनतीन रंग दिसूं लागले किंवा रक्त आलें, तर 'मेलानोमा' नामक कर्करोगाची शंका घ्यावी लागते. आपल्यासारख्या गव्हाळ-सांवळ्या लोकांत तो विरळा; परंतु होतो तेव्हां पुष्कळदां तळपायास वा नखाखालीं होतो. बाभळींच्या या मुलखांत अनवाणी फिरणारा मनुष्य असल्या काळ्या डागास मोडलेला कांटा समजून महिनेच्या महिने काढील, यांत नवल नाहीं.

चुना व साजीखार लावून तीळ जाळण्याची चाल अद्यापि ऐकूं येते. सुश्रुतानेंही चिकित्सास्थानांत क्षार व अग्नि सांगितले आहेत, असें तिचें समर्थन करितात. तें आम्हांस मान्य नाहीं. तेथें तें काम शस्त्र जाणणाऱ्या वैद्याचें आहे, घरच्या चुन्याच्या डबीचें नव्हे. शिवाय शस्त्रानें काढलेला तीळ आज सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतां येतो. जाळून टाकलेल्याची अशी परीक्षा होत नाहीं, आणि आंत रोग असल्यास तो तसाच पसरत राहतो. म्हणून बदलणारा तीळ त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. तळव्यावरचा वा नखाखालचा नवा डाग तर विनाविलंब.