विमानातील हवेचा दाब घटतो तेव्हा : धमाक्यापेक्षा शांतता अधिक घातक

मुंबई : मुंबईहून जयपूरकडे निघालेल्या जेट एअरवेजच्या बोइंग ७३७ विमानातील सुमारे ३० प्रवाशांच्या नाकातून, तर काहींच्या कानांतून २० सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी रक्त येऊ लागले. विमानात १६६ प्रवासी होते. छतातून प्राणवायूचे मास्क खाली आले आणि वैमानिकांनी विमान पुन्हा मुंबईला आणले. ना इंजिन बिघडले होते, ना खिडकी फुटली होती. केबिनमधील दाब राखण्यासाठीचा स्विच सुरू करण्यास कर्मचारी विसरले, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने स्पष्ट केले.

या स्विचचे महत्त्व समजण्यासाठी विमानाबाहेरची स्थिती लक्षात घ्यावी लागेल. ३५ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक चतुर्थांश असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही सुमारे २१ टक्केच असते. मात्र दाब नसल्याने तो फुप्फुसांतून रक्तात पुरेसा उतरत नाही. म्हणून बहुतेक प्रवासी विमानांत इंजिनातील दाबलेली हवा थंड करून केबिनमध्ये सोडली जाते आणि विमानाच्या मागील भागातील एका झडपेतून ती हिशेबाने बाहेर जाऊ दिली जाते. (बोइंग ७८७ मध्ये हेच काम विजेवर चालणारे कॉम्प्रेसर करतात.) त्यामुळे विमान कितीही उंच गेले, तरी आत बसलेल्यांना आपण जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या डोंगरावर आहोत एवढाच फरक जाणवतो. इंजिनाकडून येणारी हवाच बंद राहिली, तर विमानासोबत केबिनही ‘वर चढू’ लागते. कानाच्या पडद्यावर आणि नाकातील नाजूक रक्तवाहिन्यांवर ताण येतो तो यामुळेच.

परंतु नाकातून येणारे रक्त हा या संकटाचा सर्वांत भयंकर भाग नव्हे. खरा धोका मेंदूला असतो. हवा कमी झाली की जीव गुदमरेल आणि ते आपल्याला कळेलच, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. गुदमरल्याची भावना मुख्यतः शरीरात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते; विरळ हवेत श्वासोच्छ्वास सुरूच असल्याने तो बाहेर पडत राहतो. त्यामुळे धोक्याची सूचना शरीराकडून मिळतच नाही. उलट अनेकांना हलके, प्रसन्न वाटू लागते. विचारांची साखळी तुटते, साधी आकडेमोड जमत नाही आणि आपले काही चुकते आहे हेही कळेनासे होते. २५ हजार फुटांवर माणूस उपयुक्त कृती करू शकेल असा अवधी तीन ते पाच मिनिटांचा असतो. ३५ हजार फुटांवर तो अर्ध्या ते एका मिनिटावर येतो.

सायप्रसच्या हेलिओस एअरवेजचे विमान १४ ऑगस्ट २००५ रोजी याच कारणाने कोसळले. लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या या बोइंग ७३७ च्या दाबनियंत्रणाचा खटका आदल्या रात्रीच्या देखभाल तपासणीनंतर ‘मॅन्युअल’वरच राहिला होता. विमान चढू लागताच इशाऱ्याचा भोंगा वाजला. जमिनीवर असताना उड्डाणाच्या तयारीत काही चूक असेल, तर अगदी याच आवाजाचा भोंगा वाजतो. हवेत तो एकाच कारणासाठी, म्हणजे केबिनमधील दाब घटल्यामुळे वाजतो. वैमानिकांनी पहिलाच अर्थ धरला. विमान चढत राहिले. ते जमिनीवरील अभियंत्याशी बोलत राहिले आणि बोलता बोलता शुद्ध हरपून बसले. पाहणीसाठी गेलेल्या ग्रीक लढाऊ विमानांच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये एक आसन रिकामे आणि सहवैमानिक निपचित पडलेला दिसला. उड्डाणानंतर सुमारे तीन तासांनी इंधन संपून विमान अथेन्सजवळच्या डोंगराळ भागात कोसळले. सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. पुढे या जातीच्या विमानांत दाबाच्या इशाऱ्यासाठी वेगळे दिवे बसविणे अमेरिकी नियामकांनी बंधनकारक केले.

याउलट ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या विमानाच्या भिंतीचा अख्खा तुकडाच सुमारे १६ हजार फुटांवर उडून गेला. दृश्य भयंकर होते, पण वैमानिकांनी तत्काळ मास्क लावले आणि सर्व जण सुखरूप परतले. कमी उंचीचा त्यांना लाभ झाला, हे खरे. तरीही मोठा धमाका निदान संकट लपवत तरी नाही.

म्हणूनच वैमानिकांना दिलेल्या शिकवणीत निदान नंतर आणि मास्क आधी असतो. त्यांचे मास्क एका हाताने पाच सेकंदांत चढविता येतात. पुढची पावले चेकलिस्ट न उघडता, पाठांतरातूनच उचलली जातात : इंजिनाची शक्ती किमान, पंखांवरील वेगरोधक पट्ट्या उघडलेल्या, नियंत्रण कक्षाला ‘मेडे’चा संदेश आणि विमान १० हजार फुटांकडे. हा उतार साधारण पाच मिनिटांचा असतो. प्रवाशांच्या डोक्यावरील रासायनिक यंत्रणा बहुधा १२ मिनिटे प्राणवायू पुरवते, ती याच हिशेबाने.

हिमालयावर मात्र हा हिशेब चालत नाही. लेहचे विमानतळच सुमारे १०,७०० फुटांवर आहे आणि भोवतालची शिखरे त्याहून कितीतरी उंच. अशा मार्गांवर कोठे वळायचे आणि कोणत्या दरीच्या बाजूने खाली यायचे, याच्या वाटा आधीच आखलेल्या असतात.

प्रवाशांनी एवढे लक्षात ठेवावे : मास्क स्वतःकडे ओढल्यावरच प्राणवायू सुरू होतो. पिशवी फुगली नाही, तरी तो येत असतो. रासायनिक यंत्रणा तापल्याने जळका वास येऊ शकतो. ती आग नव्हे. केबिन कर्मचारी मदतीला न धावता जवळच्या आसनावर बसून आधी स्वतःचा मास्क लावतील, कारण तेच बेशुद्ध पडले तर नंतर कोणालाच मदत मिळणार नाही. मुलाला मास्क लावण्याआधी पालकांनी स्वतःचा लावावा, हा नियमही त्या अर्ध्या मिनिटाच्या हिशेबातूनच आला आहे. विमान वेगाने खाली जात असताना कॉकपिटमधून उद्घोषणा आली नाही, तरी घाबरू नये. त्या काही मिनिटांत वैमानिकांचे पहिले काम विमान खाली आणणे हे असते; प्रवाशांशी ते त्यानंतर बोलतात.