इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवण्याआधी

सातारा असो, कराड असो की सांगली-मिरज, दुचाकीच्या गॅरेजवर एक सल्ला हमखास मिळतो: "ही इंजेक्शनची भानगड काढून टाका. कार्बोरेटर बसवून देतो, परत कटकट नाही." गाडी रस्त्यात दोन-तीनदा बंद पडलेली असते. पंप बदलायचा खर्च ऐकून घरातल्यांचे तोंड उतरलेले असते. अशा वेळी हा सल्ला सुटकेसारखा वाटतो.

ज्या घरात एकच गाडी असते, तिथे हा साधा प्रश्न नसतो. त्याच गाडीवर अब्बा सकाळी दुकान गाठतात, मुलगी क्लासला जाते आणि अडीअडचणीला अम्मीला दवाखान्यात न्यायलाही तीच असते. म्हणून 'करून टाका' म्हणण्याआधी या बदलात नेमके काय निघते, काय बसते आणि पुढे काय भोगावे लागते, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घेतलेले बरे.

दोन्हींचे काम एकच, रीत वेगळी

इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हवे. कार्बोरेटर हे काम विजेशिवाय करतो. हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल पितळी जेटच्या बारीक भोकातून वर ओढले जाते. टाकीतले पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते, पंप लागत नाही.

इंजेक्शनच्या गाडीत टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप असतो. तो पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पुढे ढकलतो. हा दाब टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. हवा किती, इंजिन किती गरम, मूठ किती पिळली, हे सेन्सर सांगतात. छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, हिशेब करतो आणि इंजेक्टर तेवढेच पेट्रोल फवारतो. ठिणगी केव्हा पडायची हेही बहुतेक गाड्यांत हाच ईसीयू ठरवतो.

म्हणून 'फक्त कार्बोरेटर बसवायचा' ही गोष्ट प्रत्यक्षात फक्त एवढीच नसते. कार्बोरेटरबरोबर वेगळा मॅनिफोल्ड लागतो, चोकची सोय लागते, टाकीतला पंप काढून पेट्रोल कॉक बसवावा लागतो. ईसीयू गेला की ठिणगीसाठी वेगळा सीडीआय आणि त्याला जुळणारे वायरिंग आले. यातले एकही काम अर्धवट झाले, तर पेट्रोलची गळती किंवा उघडी वायर मागे राहते. गरम इंजिनावर पेट्रोल टपकणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

कंपनीनेच केलेला बदल

हा बदल म्हणजे गॅरेजवाल्यांच्या डोक्यातले खूळ आहे, असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातल्याच कंपनीने तो एकदा करून दाखवला आहे.

भारतात इंजेक्शनची पहिली मोटारसायकल २००६ मध्ये आली, ती हिरो होंडाची ग्लॅमर एफआय. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, पुण्याच्या बजाज ऑटोने पल्सर २२० डीटीएस-एफआय बाजारात आणली. त्या काळात तरुणांना तिचे भारी आकर्षण होते. पण सुटे भाग महाग आणि त्यांची माहिती असलेले कारागीर मोजके. २००९ मध्ये कंपनीने याच गाडीतले इंजेक्शन काढले, कार्बोरेटर बसवला आणि किंमत खाली आणली. ताकद कमी झाली नाही, उलट कागदावर थोडी वाढलीच. ही कार्बोरेटरची २२० पुढे वर्षानुवर्षे खपली.

पहिल्या इंजेक्शनच्या पल्सर ज्यांच्याकडे होत्या, त्यांच्यापैकी काहींनी भाग मिळेनासे झाल्यावर हाच मार्ग धरला. त्यात अर्थही होता. त्याच कंपनीच्या त्याच इंजिनासाठी बनवलेला कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, सीडीआय आणि वायरिंग तयार मिळत होते. जेट कोणता, नळी किती रुंद, हे सगळे कंपनीच्या इंजिनिअरांनी आधीच ठरवून ठेवले होते. त्या काळच्या प्रदूषण-नियमांनाही कार्बोरेटर चालत होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि त्याच पल्सर २२० मध्ये कंपनीने पुन्हा इंजेक्शन बसवले. पुढे यायचे कारण धूर, मागे जायचे कारण पैसा. दोन्ही कारणे खरी होती. आपली गाडी यांतल्या कोणत्या काळातली आहे, यावर आपले उत्तर अवलंबून आहे.

२०२० नंतरची गाडी असेल तर

बीएस-६ गाडीतले इंजेक्शन काढू नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीतल्या नोंदी कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमावर बोट ठेवले. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर दहा हजारांपर्यंतचा दंड वेगळा. लक्षात घ्या, गुन्हा मालकावर येतो, आणि गाडी बहुतेक वेळा अब्बांच्या नावावर असते. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतरच्या भरपाईत आडवा येऊ शकतो, तो धोका निराळाच.

दुसरे कारण यंत्राचे. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कार्बोरेटरने जास्त पेट्रोल सोडले की ते तिथे जाऊन जळते, कन्व्हर्टर तापतो आणि खराब होतो. मग अ‍ॅव्हरेजही जातो आणि पीयूसीलाही गाडी अडते.

तिसरे कारण आपल्या मुलखाचे आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, सातारा ७०० मीटरच्या वर आणि महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते. इंजेक्शनची गाडी हे ओळखून पेट्रोल कमी करते. कार्बोरेटरच्या जेटचे भोक मात्र तेवढेच राहते. सांगलीत नीट जुळवलेली गाडी पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचेपर्यंत जास्त पेट्रोल पिते आणि दाबते.

त्यात आता पेट्रोलही बदलले आहे. आपल्याच कृष्णाकाठच्या उसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला थोडे जास्त इंधन लागते. ऑक्सिजन सेन्सर असलेली गाडी हे आपोआप सांभाळते. साध्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर कमी इंधन देतो, इंजिन गरम होते आणि पिकअप तुटतो. इथेनॉल पाणीही शोषते आणि जुने रबर फुगवते. म्हणून जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतही पेट्रोलच्या नळ्या आणि वाटीचे रबर वेळोवेळी पाहावे लागते.

मग बंद पडणाऱ्या गाडीचे काय?

इंजेक्शनच्या नावावर फोडलेले खापर पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचे असते. भाग बदलण्याआधी पुढील क्रमाने तपासून घ्या.

बॅटरी: चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते का? तो पंपाचा आवाज. आवाज मंद असेल किंवा नसेलच, तर आधी बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग पाहावे. बॅटरी पार उतरली असेल तर ढकलूनही ही गाडी सहज सुरू होत नाही, कारण पंपालाच वीज नसते.

पेट्रोल: टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. पन्नास-शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून गाडी कायम रिझर्व्हवर चालवली, तर पंप तापतो आणि तळाचा कचराही ओढतो. तेवढे पेट्रोल नेहमी टाकीत राहू दिले, तरी पंपाचे आयुष्य वाढते.

दिवा: मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा चुकवू नका. अनेक गाड्यांत त्याच्या लांब-आखूड उघडझापीतून दोषाचा क्रमांक कळतो. बीएस-६ गाडीला स्कॅनर जोडता येतो, तो कोणता सेन्सर रुसला आहे हे सांगतो.

जोडण्या: पावसाळ्यानंतर वायरींच्या जोडांवर हिरवट थर चढतो. तो साफ केल्यावर 'मेलेला' सेन्सर जिवंत झाल्याचे कित्येक कारागिरांनी पाहिले आहे. गाडी आडवी पडून उचलल्यावर सुरू होत नसेल, तर चावी बंद करून पुन्हा लावावी. पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत असतो.

साफसफाई: इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी साफ करणे हे पंप बदलण्यापेक्षा फार स्वस्त काम आहे. मात्र दाबाखालची पेट्रोलची नळी घरी सोडवू नये. ते गॅरेजचे काम.

मुलगा आखातात नोकरीला आणि त्याची गाडी दारात दोन वर्षे उभी, ही आपल्याकडच्या बऱ्याच घरांची गोष्ट आहे. ईदला तो येणार म्हणून गाडी काढावी तर ती हूं की चूं करत नाही. अशा गाडीत जुने पेट्रोल पूर्ण काढणे, टाकी धुणे, पंपाची जाळी पाहणे आणि नवी बॅटरी बसवणे एवढे आधी करावे. उभ्या गाडीला कार्बोरेटर हा उपाय नाही. उलट त्याच्या वाटीतले पेट्रोल वाळून चिकट राळ होते आणि जेट बुजतात.

जुन्या गाडीत बदल करायचाच असेल तर

गाडी पहिल्या पल्सर २२० सारखी जुनी आहे, ईसीयू मिळतच नाही आणि त्याच इंजिनाचा कार्बोरेटरवाला अवतार कंपनीने विकलेला आहे, अशा वेळी विचार करायला हरकत नाही. पण पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आरटीओत गाडी तपासली जाते. म्हणून साताऱ्याच्या, कराडच्या किंवा सांगलीच्या, ज्या कार्यालयात नोंद असेल तिथे आधी विचारावे. दुसऱ्या कंपनीचा 'बसतो' म्हणून कार्बोरेटर लावू नये. काढलेला प्रत्येक भाग डब्यात जपून ठेवावा. गाडी विकताना बदल केल्याचे घेणाऱ्याला तोंडी आणि लेखी सांगावे. मालातला ऐब दाखवून सौदा करावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

गॅरेजवाल्या भावांसाठी

आपल्या वस्तीतली किती तरी घरे पाने-पक्कडीवर चालतात. उस्तादाच्या हाताखाली राबून शागीर्द आवाजावरून दोष ओळखायला शिकतो. हे कान आजही लागतात, पण आता त्यांच्या जोडीला मल्टिमीटर आणि स्कॅनर हवा. इंजेक्शन काढून टाकण्याचा सल्ला कधी कधी यासाठीच दिला जातो की ते तपासायचे साधन हाताशी नसते. त्याची किंमत मात्र गिऱ्हाईक मोजते, आणि पुढे ते गिऱ्हाईकही तुटते.

मिरजेचे उदाहरण जवळचे आहे. तिथले शिकलगार एकेकाळी शस्त्रांना धार लावत. राजेरजवाड्यांच्या लढाया थांबल्या, काम आटले. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या कारागिरांनी तंतुवाद्ये दुरुस्त करायला आणि पुढे बनवायला घेतली. त्यांचीच घराणी पुढे सतारमेकर म्हणून नावारूपाला आली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हात तेच होते, फक्त नवे काम शिकायची तयारी होती.

आज गॅरेजमधल्या मुलाला तशीच संधी आहे. शासकीय आयटीआयमध्ये दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो. जवळच्या संस्थेत त्याची चौकशी करावी. दहावी झालेल्या मुलाला नुसते पाने उचलायला बसवण्यापेक्षा वायरिंगचा नकाशा वाचायला शिकवले, तर येत्या वीस वर्षांची रोजी तो कमावेल. चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घेतला, तरी खर्च वाटला जातो.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण गॅरेजवर एवढेच विचारावे: भाई, दोष कोणत्या भागात आहे, तो कसा तपासला, आणि तेवढाच भाग दुरुस्त करायला किती लागतील? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत गाडीतले काही काढू देऊ नये.