ध्रुवसमुद्रांतील मासा व वयाप्रमाणें पालटणारें त्याचें अन्न

गाईचें वासरूं प्रथम दुधावर वाढतें, मग कोंवळें गवत चघळूं लागतें, आणि पोट तयार झालें म्हणजे कडबाहि पचवितें. वासरास पहिल्याच दिवशीं कडबा घालून चालत नाहीं, ही गोष्ट प्रत्येक गोठेवाल्यास ठाऊक आहे. माशांच्या बाबतींत हाच नियम कितीतरी अधिक कडक असतो. तो न ओळखतां मासे धरल्यास काय होतें, याचा एक मोठा धडा दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांत मिळालेला आहे. तो आमच्या वाचकांपुढें मांडावा, असें आम्हांस वाटलें.

ध्रुवसमुद्रांतील बहुतेक मासे आपलें भक्ष्य अख्खें गिळतात. म्हणून जेवढें तोंड, तेवढाच घास. अंटार्क्टिक सिल्व्हरफिश या रुपेरी माशाचेंच उदाहरण घ्या. पूर्ण वाढल्यावर तो फार तर एक वीतभर किंवा थोडा अधिक लांब होतो. त्याचीं अंडीं किनाऱ्यालगतच्या बर्फाखालीं, हिमस्फटिकांच्या जाळींत अडकून राहतात. टेरा नोव्हा उपसागरांत तीं सन २००२ मध्यें प्रथम आढळलीं. अंड्यांतून निघणारें पिलूं सुमारें एक सेंटिमीटर लांबीचें असतें. त्याच्या तोंडांत कोपीपॉड नांवाच्या अतिसूक्ष्म कवचधारी जीवांचीं अंडीं व बच्चीं एवढेंच मावतें.

हें बारीक खाद्यहि बाराही महिने विपुल नसतें. वसंतांत सूर्य वर आला, बर्फ विरळ झालें, म्हणजे पाण्यांत सूक्ष्म वनस्पति माजतात, व त्यांवर हे जीव वाढतात. पिलाची शिदोरी म्हणजे अंड्यांतील बलक. ती संपण्यापूर्वीं समुद्रांत हें पीक उभें राहिलें तर पिलूं जगतें, नाहीं तर उपाशी मरतें. वाफसा साधून पेरणारा शेतकरी व हें पिलूं यांचें नशीब एकाच प्रकारच्या मुहूर्तावर अवलंबून आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

पुढें तोंड मोठें होतें तसें हें पिलूं प्रौढ कोपीपॉड धरूं लागतें, आणि आणखी वाढल्यावर क्रिल नांवाचा, दिसण्यांत कोळंबीसारखा जीव खातें. इतकेंच नव्हे, तर मोठे मासे स्वजातीचीं पिलेंहि गिळतात. हें क्रूर दिसलें तरी या पालटांत एक सोयहि आहे. लहान व मोठे यांचीं कुरणें वेगळीं पडल्यामुळें एकाच घासासाठीं त्यांची झोंबी होत नाहीं.

कित्येक मासे अन्नाबरोबर ठिकाणहि पालटतात. दक्षिण अटलांटिक महासागरांत साउथ जॉर्जिया नांवाचें बेट आहे. तेथें मार्बल्ड रॉककॉड नांवाचा मोठा मासा राहतो. याचीं निळसर पिलें प्रथम खुल्या समुद्रांत सूक्ष्म जीवांवर वाढतात. मग तीं किनाऱ्याच्या खाड्यांत येतात, व तेथील केल्प नांवाच्या उंच समुद्रशेवाळाच्या रानांत शिरतात. तेथें त्यांचा रंग तपकिरी होतो, व शेवाळांत वावरणारे झिंग्याच्या कुळांतील बारीक जीव हें त्यांचें मुख्य अन्न बनतें. या रानांत तीं कित्येक वर्षें काढतात. प्रौढ होण्याच्या सुमारास मात्र तीं किनारा सोडून बाहेरच्या पाण्यांत जातात, आणि तेथें क्रिल व लहान मासे खाऊं लागतात. एकाच जन्मांत या माशास तीन कुरणें लागतात. त्यांतील एक जरी बिघडलें, तरी पुढचें ओस पडतें.

आतां धडा पाहा. सन १९६९-७० च्या हंगामांत सोव्हिएट संघाच्या जहाजांनीं या बेटाभोंवतीं सुमारें ४,००,००० टन रॉककॉड काढला. दुसऱ्या वर्षीं तें उत्पन्न सुमारें १,००,००० टनांवर आलें, व पुढें तर हा मासा दुर्मिळ झाला. जाळ्यांत आले ते बाहेरच्या कुरणांतील, अंडीं घालण्याच्या वयाचे मासे. त्यांची जागा भरावयाची तर पहिल्या दोन कुरणांतून वर्षानुवर्षें वाढत येणाऱ्या पिलांनींच. एक हंगाम जे घेऊन गेला, तें परत येण्यास अनेक हंगाम लागणार होते. शेवटीं सन १९८५ मध्यें त्या बेटाभोंवतीं या माशाची खास मासेमारी बंद करण्यांत आली. तरीहि तो लवकर पूर्वपदास आला नाहीं.

समुद्राच्या तळीं कोण काय खातो, हें कळतें कसें, असा प्रश्न वाचक विचारतील. धरलेल्या माशाचें पोट चिरून आंतील घास मोजणें ही जुनी रीत. त्याच्या कानांतील बारीक हाडावर झाडाच्या खोडाप्रमाणें वर्षावर्षाचीं वलयें असतात; त्यांवरून वय कळतें. तिसरी रीत आम्हां शेतकऱ्यांच्या ओळखीच्या नत्राची आहे. नत्राचा एक जड प्रकार असतो. खाणारा खाल्लेल्याहून वरच्या पायरीवर असला म्हणजे त्याच्या मांसांत या जड नत्राचें प्रमाण वाढत जातें. त्यामुळें पोट रिकामें असलें तरी माशाच्या मांसावरून गेल्या कित्येक महिन्यांच्या अन्नाचा अंदाज बांधतां येतो.

या सर्वांचा उपयोग काय? सन १९८० मध्यें अंटार्क्टिक समुद्राच्या जीवसंपत्तीविषयीं राष्ट्रांचा करार झाला व तो सन १९८२ मध्यें अमलांत आला. भारतहि त्याच्या आयोगाचा सभासद आहे. धरावयाच्या जातीचाच नव्हे, तर तिच्यावर जगणाऱ्या व तिच्याशीं निगडित असलेल्या इतर जातींचाहि विचार करावा, असें त्या करारांत स्पष्ट म्हटलें आहे. क्रिल किती काढावें हें ठरवितांना त्यावर जगणारे मासेहि हिशेबांत धरावे लागतात, तें यामुळेंच.

कळप राखावयाचा तर बाजारांत विकावयाचीं मोठीं जनावरें मोजून भागत नाहीं. वासरांचें दूध, कालवडींचें गवत व बैलांचा कडबा, या तिन्हींची तजवीज करावी लागते. दूरच्या हिमसमुद्राचा न्यायहि आमच्या गोठ्याहून निराळा नाहीं. फरक इतकाच कीं, गोठ्यांतील चूक आम्हांस आठ दिवसांत दिसते, आणि समुद्रांतील चूक दिसेपर्यंत कळप नाहींसा झालेला असतो.