एम.आर.आय.चा फॉर्म वाचूनच सही करावी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मामेभावांना कंबरदुखीने हैराण केले. भिवंडीत त्यांचा लेथचा लहानसा कारखाना आहे. मागाचे सुटे भाग घडविणे आणि मोडलेले जोडून देणे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. डाव्या पायाला मुंग्या येऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी एम.आर.आय. लिहून दिला. सोबत आम्ही गेलो. तपासणी केंद्राच्या काउंटरवर आधी पैसे भरून घेतले, मग इंग्रजीत छापलेला एक फॉर्म पुढे केला. आमचे दोघांचे शिक्षण उर्दू माध्यमातले. दुकानाचे कागद वाचण्यापुरते इंग्रजी येते, वैद्यकातले येत नाही. काउंटरवरच्या मुलाने घाईघाईने सगळ्या प्रश्नांपुढे ‘नाही’वर खुणा केल्या आणि सहीची जागा दाखविली. सही झाली.

आतल्या तंत्रज्ञ मुलीने मात्र तेच प्रश्न तोंडी पुन्हा विचारले. “चाचा, लोखंडाचे काम करता का? डोळ्यात कधी कण गेला होता का?” मामेभाऊ हसून म्हणाले, “लेथवाल्याच्या डोळ्यात कण जाणार नाही तर काय साखर जाणार? दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा गेला होता, पोराने रुमालाच्या टोकाने काढला.” मुलीने त्यांना तिथेच थांबविले आणि आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढायला पाठविले. त्या फिल्मवर उजव्या डोळ्याच्या जागी मोहरीहून बारीक असा एक पांढरा ठिपका होता. एम.आर.आय. रद्द झाला.

त्या काउंटरच्या फॉर्मवर विसंबून ते आत गेले असते तर काय घडले असते, हे सांगण्यासाठीच या आठवड्यात कापडाचे भाव बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. आमच्या वाचकांत लेथवाले, वेल्डर, ग्राइंडर चालविणारे, लोखंडी कपाटे बनविणारे पुष्कळ आहेत. १९८६ साली अमेरिकेतील एका न्यूरोरेडिओलॉजीच्या नियतकालिकात पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराची हकीकत छापून आली होती. त्याच्या डोळ्यात जुना लोखंडी कण होता आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. एम.आर.आय.च्या चुंबकाने तो कण हलला, डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची नजर गेली. तेव्हापासून जगभर हा प्रश्न फॉर्मवर आला.

एम.आर.आय.चे यंत्र म्हणजे मुळात एक प्रचंड चुंबक. आपल्याकडे सर्रास असते ते दीड टेस्ला ताकदीचे. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यांतल्या हायड्रोजनच्या अणूंचे गाभे हे जणू इवलेसे लोहचुंबक. मोठ्या चुंबकात माणूस ठेवला की त्यांचा कल एका दिशेला वळतो. मग रेडिओ लहरींचा धक्का देतात. गाभे विचलित होतात, आणि धक्का थांबला की पूर्वस्थितीला येताना स्वतः बारीक लहरी सोडतात. मेंदू, मणका, स्नायू, गाठ, प्रत्येकातले गाभे वेगवेगळ्या वेगाने परततात. त्या फरकातूनच चित्र तयार होते. किरणोत्सर्ग यात अजिबात नाही.

आता धंदेवाईक माणसाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट. हे चुंबक विजेच्या बटणाने चालू-बंद होत नाही. नायोबियम-टायटेनियमच्या तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सियसवर बुडविलेले असते. इतक्या थंडीत तारेचा विरोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षे फिरत राहतो. रात्री केंद्राला कुलूप लागले, लाइट गेली, तरी चुंबक जागाच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात एक तरुण नातेवाईक रुग्णासाठी ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असे त्याला सांगण्यात आले होते. सिलिंडरसह तो यंत्राकडे ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. ‘बंद आहे’ असे कोणीही सांगितले तरी मानू नये.

कापडाचेही यात काम आहे, आणि ते आमच्याच धंद्यातले असल्याने थोडे सविस्तर लिहितो. जरीची किनार, कलाबतूचे काम, धातूच्या तारेची नक्षी हे सारे वीजवाहक धागे. चुंबक त्यांना ओढणार नाही कदाचित, कारण तांबे आणि चांदी चुंबकाला चिकटत नाहीत; पण रेडिओ लहरींनी असा धागा तापतो आणि कातडीला चटका बसतो. अलीकडे घामाचा वास येऊ नये म्हणून बनियन आणि खेळाचे कपडे यांत चांदीचे अतिसूक्ष्म धागे घालतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, गिऱ्हाइकाला सोडा, विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात. असा कपडा अंगावर राहिल्याने एम.आर.आय.मध्ये भाजल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झालेली आहे. तेव्हा केंद्रातील साधा सुती झगा घालायला सांगितले तर तक्रार करू नये. आतली बनियनही काढावी. बायकांनी बुरख्याचे हूक, ओढणीच्या टाचण्या आणि हल्ली मिळतात त्या चुंबकी पिना एकेक मोजून काढाव्यात. टाचणी ही त्या खोलीत तीर होते. गळ्यातला वा दंडावरचा ताविज धातूच्या पेटीत असतो, तो घरच्या माणसाच्या हाती द्यावा. साध्या छातीच्या एक्स-रेलाही तो काढावा लागतो, नाही तर नेमकी त्याची सावली फुप्फुसावर पडते. काजळ आणि डोळ्यांचे इतर प्रसाधन धुऊन जावे. हृदयाचा पेसमेकर, मेंदूत बसविलेली क्लिप, कानातले यंत्र असेल तर त्याचे कार्ड बरोबर न्यावे. नव्या बनावटीचे कित्येक पेसमेकर ठरावीक खबरदारीने चालतात, पण ते कार्ड पाहून डॉक्टरने ठरवायचे.

असो. मामेभावांना शेवटी सी.टी. स्कॅन करावा लागला. तेव्हा त्यांनी विचारले, “भाईजान, एवढे मोठे यंत्र टाळून हे दुसरे कसले?” त्यांना दुकानातल्या भाषेत सांगितले तेच इथे लिहितो.

थान घेताना आपण कापड उजेडासमोर धरतो. विरळ असेल तिथून उजेड येतो, दाट असेल तिथे काळे दिसते. विल्हेल्म राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये शोधलेला एक्स-रे म्हणजे हेच; फक्त उजेडाच्या जागी क्ष-किरण आणि कापडाच्या जागी माणूस. अडचण अशी की चार पदर एकावर एक असले तर दोष कोणत्या पदरात आहे ते कळत नाही. इंग्लंडमधील ई.एम.आय. या कंपनीतले इंजिनियर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी यावर तोड काढली. ही तीच कंपनी जी गाण्यांच्या तबकड्या विकत असे. किरणांचा स्रोत माणसाभोवती फिरवायचा, सर्व बाजूंनी मापे घ्यायची आणि संगणकाने हिशेब करून एकेक पदर वेगळा काढायचा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. ते चित्र ८० गुणिले ८० चौकटींचे, म्हणजे अगदी जाड पोताचे होते. आजचे चित्र ५१२ गुणिले ५१२ चौकटींचे असते आणि सगळी छाती काही सेकंदांत होते. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना मिळाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते. २०२१ पासून बाजारात आलेल्या नव्या जातीच्या यंत्रांत प्रत्येक किरणकण सुटा मोजला जातो. त्यामुळे चित्राचा पोत आणखी बारीक होतो आणि किरणही कमी लागतात. ही यंत्रे फार महाग आहेत, सध्या एवढेच पुरे.

सी.टी.त किरणोत्सर्ग असतो. छातीच्या साध्या एक्स-रेत ०.१ मिलिसिव्हर्टहून कमी, पोटाच्या सी.टी.त साधारण ८ ते १०. निसर्गातून, मातीतून आणि आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. गरजेच्या तपासणीला घाबरण्याचे कारण नाही. पण आमच्याकडे एक रीत पडली आहे. चार पैसे आले की माणूस डॉक्टरला म्हणतो, “साहेब, डोक्यापासून पायापर्यंत स्कॅनच लिहा.” ही रीत बरी नाही, विशेषतः मुलांच्या बाबतीत. सी.टी.साठी शिरेतून आयोडीनचे औषध देणार असतील तर मधुमेह, किडनीचा त्रास आणि चालू गोळ्या आधी सांगाव्यात. मेटफॉर्मिनची गोळी कधी कधी काही दिवस थांबवावी लागते, तीही स्वतःच्या मनाने नाही. बिलाबद्दल म्हणाल तर मान्यताप्राप्त केंद्रातील तपासणीवर जी.एस.टी. नाही, कोणी वेगळा लावला तर विचारावे.

व्यापारी म्हणून आम्हाला सर्वांत नवल वाटले ते पेट स्कॅनच्या मालाचे. कर्करोगाच्या गाठीला साखरेची भूक जास्त. म्हणून साखरेसारख्या एका द्रव्याला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडून शिरेतून देतात आणि ते कुठे साठले ते यंत्राने पाहतात. या फ्लोरिनचे अर्धे आयुष्य ११० मिनिटे. म्हणजे सकाळी सहाला निघालेला माल आठला दहा कमी असताना अर्धा, आणि पावणेदहाच्या आत पाव! अशा मालाचे कोठार करता येत नाही, उधारीवर ठेवता येत नाही, ट्रॅफिकमध्ये अडकला तर वाटेतच आटतो. तो सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार होतो. भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. पेट स्कॅनला वेळेवर या, असे का बजावतात आणि उशीर झाला तर तारीख का पुढे जाते, त्याचे उत्तर यात आहे.

एम.आर.आय.च्या खर्चामागेही असाच एक माल आहे, हेलियम. जुन्या धाटणीच्या यंत्राला दीड हजार लिटरच्या आसपास द्रव हेलियम लागते आणि आपला देश तो बाहेरून आणतो. २०१८ मध्ये फिलिप्स कंपनीने अवघे ७ लिटर हेलियम कायमचे बंद करून ठेवलेले यंत्र बाजारात आणले. अशी यंत्रे वाढली तर लहान गावातही एम.आर.आय. परवडू लागेल, अशी आमची अटकळ आहे.

पण मोहल्ल्याच्या दृष्टीने महत्त्वाची प्रगती महागड्या यंत्रात नाही, ती जुन्या छातीच्या एक्स-रेतच झाली आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये दारे-खिडक्या बंद, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा माणसे. एकाला क्षय झाला की हवा सगळ्यांची एकच. खोकला आल्यावर पाहू, असे आपण म्हणतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की छातीचा एक्स-रे काढला नसता तर शंभरातील बेचाळीस क्षयरुग्ण निसटले असते, कारण विचारल्यावर सांगण्याजोगे लक्षण त्यांना नव्हतेच. आता हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे एक्स-रे यंत्र निघाले आहे. आणि फिल्म वाचायला दरवेळी तज्ज्ञ मिळत नाही म्हणून संगणकाला लाखो फिल्मा दाखवून शिकविले आहे. तो मिनिटभरात सांगतो की ही छाती संशयास्पद आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाचपणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली. त्यांतली एक, क्युअर डॉट एआय, आपल्या मुंबईतीलच कंपनीची आहे.

येथे एक खुलासा जरूर आहे. संगणक संशय सांगतो, निकाल देत नाही. जुना बरा झालेला क्षयही फिल्मवर डाग ठेवून जातो. पक्के करायला थुंकीची रेणवीय तपासणी लागते. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते आणि ते सरकारी दवाखान्यांत पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहे. शेडमध्ये एक्स-रेची गाडी आली तर मालकाने तासभर माग थांबवून सर्वांना पाठवावे. पगार कापला तर कोणी जाणार नाही, हेही सांगून ठेवतो.

मामेभावांच्या सी.टी.त मणक्याची एक चकती सरकलेली निघाली. औषध आणि व्यायामावर ते आता उभे राहतात. डोळ्यातला कण नेत्रतज्ज्ञांनी तपासला. तो जुना असून भोवती पेशी जमल्या आहेत, काढण्याची सध्या गरज नाही, मात्र दर वर्षी दाखवावे असे त्यांनी सांगितले. त्या एक्स-रेची प्रत आम्ही त्यांच्या आधार कार्डाच्या प्लॅस्टिकमध्येच घालून दिली आहे, कारण उद्या ते शुद्धीवर नसताना कोणी त्यांना एम.आर.आय.ला नेले तर तो ठिपका दुसरे कोण सांगणार? तपासणीच्या फिल्मा गुंडाळी करून कपाटावर टाकू नयेत. उन्हात आणि उकाड्यात त्या काळवंडतात. केंद्रे सी.डी. देतात, पण हल्लीच्या लॅपटॉपला सी.डी.ची खाच नसते. त्यापेक्षा निघताना पेन ड्राइव्ह पुढे करावा आणि सगळी चित्रे त्यात मागून घ्यावीत. पैसे तुम्ही भरलेले आहेत.