ओठांचं माप

सळई लाल झाली की घाई करावी लागते. शेगडीतून काढून खुणेवर टेकवली की बांबूतून आधी पांढरा धूर निघतो आणि जळत्या चिपाडासारखा गोडसर वास येतो. चार-पाच सेकंदांत सळई काळी पडते. ती परत निखाऱ्यात जाते, दुसरी हातात येते. एका भोकाला तीन वेळा तरी सळई लावावी लागते. ड्रिलनं हेच काम अर्ध्या मिनिटात होईल. पण बांबूचे तंतू उभे धावतात, ड्रिलचं पातं त्यांना उचकटतं, आणि कडेला केसाएवढी चीर राहिली तरी पुढच्या उन्हाळ्यात ती टोकापर्यंत जाते. सळईनं तंतू जागच्या जागी जळतात, कड बंद होते.

पुण्यात एका इमारतीच्या गच्चीवर महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आठ-दहा जण हे करतो. मी बँकेत नोकरी करतो, एक ताई शाळेत गणित शिकवतात, एक काका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. सगळे बासरी शिकतोय किंवा कधी ना कधी शिकलोय. सकाळी सातला शेगडी पेटते. दहा वाजता हत्यारं बाजूला ठेवून वाजवायला बसायचं, असं पहिल्या दिवशीच ठरलं होतं. पण साडेअकरा वाजले तरी बऱ्याच जणांच्या हातात कानसच असते, आणि गेली काही वर्षं मला याच गोष्टीचा विचार करावा लागतोय.

बांबू आसामातून येतो. महाराष्ट्रात बांबूला तोटा नाही, पण कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो. काठीला, मांडवाला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण त्यातून हवा कुठून जाणार? मानवेलीची भिंतही जाड. बासरीला हवं लांब पेराचं, पातळ भिंतीचं, आतून गोल आणि सरळ कांडं. पांढरी तीनच्या, म्हणजे हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर षड्ज असलेल्या बासरीला साधारण 30 इंचांचं एकच पेर लागतं, आतून 22-23 मिलिमीटर रुंद. गठ्ठा आला की काका एकेक कांडं डोळ्याला लावून आकाशाकडे धरतात. आतला उजेडाचा गोल वाकडा दिसला की कांडं डावीकडे, सरळ दिसला की उजवीकडे. उजवीकडे फार थोडी जातात. मग ती सावलीत महिनोन्महिने सुकतात. ओल्या बांबूत भोकं पाडण्याची चूक आमच्यातल्या प्रत्येकानं एकदा केली आहे.

हिशेब कागदावर सोपा आहे. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम वाजतो. पांढरी तीनच्या बासरीचा मंद्र पंचम सेकंदाला 247 कंपनांचा. 25 अंश तापमानाला हवेत ध्वनी सेकंदाला 346 मीटर जातो, त्यावरून नळीत मावणारी अर्धी लहर 70 सेंटिमीटरची निघते. पण हवेचा स्तंभ नळीच्या टोकाला संपत नाही, तो दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर डोकावतो. म्हणून फुंकेच्या भोकापासून टोकापर्यंतचं अंतर प्रत्यक्षात 65-66 सेंटिमीटर ठेवावं लागतं. किती डोकावतो, हे भोकाच्या आकारावर, भिंतीच्या जाडीवर आणि वाजवणाऱ्याच्या ओठांवर अवलंबून असतं. यातलं ओठांचं प्रकरण माझ्या ध्यानात यायला तीन वर्षं गेली.

सुरात आणायचं काम खालून वर चालतं. आधी टोक कापत कापत पंचम जुळवायचा, मग सहाव्या भोकाचा धैवत, पाचव्याचा निषाद, चौथ्याचा षड्ज. भोक आधी 6 मिलिमीटरचं पाडायचं आणि गोल कानशीनं वाढवायचं. भोक मोठं झालं की स्वर चढतो. तोंडाच्या बाजूची कड घासली तर लवकर चढतो. घासलेलं परत आणता येत नाही. फार तर कडेला मेण लावून स्वर उतरवता येतो, पण मेणाची बासरी उन्हात फसवते. म्हणून दोनदा घासायचं, एकदा फुंकायचं, पुन्हा दोनदा घासायचं. या कामाची गोडी मी शब्दांत कितपत सांगू शकेन, ठाऊक नाही. कानशीच्या दोन फेऱ्यांनी स्वर नखभर वर सरकतो आणि तो आपल्या हातांनी सरकवलेला असतो. दिवसभर आकडे बघणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी एवढं पुरतं.

आमच्यापैकी बहुतेकांनी पहिली बासरी फोनवरच्या ट्यूनरला विचारून बनवली, आणि बहुतेकांचा गंधार चुकला. ट्यूनर पेटीचे स्वर मोजतो. त्याच्या लेखी प्रत्येक अर्धा स्वर 100 सेंटांचा, त्यामुळे शुद्ध गंधार षड्जाच्या वर बरोबर 400 सेंटांवर. पण तानपुरा लावून बसलं की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो 386 वर असतो. चौदा सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा हिस्साही नव्हे. तरी तानपुऱ्याशेजारी ते अंतर पायातल्या खड्यासारखं टोचतं. आता आमच्या गच्चीवर शेगडीच्या आधी तानपुरा सुरू होतो. ट्यूनर षड्ज-पंचमापुरता वापरायचा, बाकी कानानं.

माझी पहिली चांगली बासरी 2018 च्या डिसेंबरात झाली. दोन महिने मी तिच्यावर होतो. षड्ज, पंचम, गंधार, सगळे तानपुऱ्याला लागत होते. फुंकेच्या भोकाची कड मी पॉलिश पेपरनं इतकी मऊ केली होती की बोट ठेवल्यावर काढावंसं वाटत नसे. बांधणीचा दोरा, आतून मोहरीचं तेल, सगळं झालं आणि मी ती गुरुजींकडे नेली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, बांबूचं कौतुक केलं, ओठांना लावली. तानपुरा चालूच होता. पहिलाच षड्ज चढा आला.

मला वाटलं, त्यांचा ओठ अजून नव्या भोकावर बसला नसेल. ते थांबले, पुन्हा फुंकलं, पुन्हा चढा. मग त्यांनी बासरी किंचित आत वळवली, तसा स्वर खाली येऊन तानपुऱ्यात मिसळला. ते म्हणाले, "आता माझे ओठ बघ. असा वाजवतोस का तू?" मी पाहिलं. फुंकेचं भोक ओठांनी अर्ध्याहून जास्त झाकलं गेलं होतं. मी तसाच वाजवत होतो. तीन वर्षं ते मला "भोक उघडं ठेव" म्हणत होते आणि मी होकार देत होतो.

घडलं होतं ते असं. भोक जास्त झाकलं की स्वर उतरतो. माझा प्रत्येक स्वर उतरत होता, म्हणून मी टोक जास्त कापलं आणि प्रत्येक भोक जास्त घासलं. बासरी माझ्या चुकीच्या फुंकेला तंतोतंत जुळली. घरी येऊन बासरी बाहेर वळवून वाजवली, तेव्हा त्यातला बारकावाही दिसला. मंद्र पंचम 15 सेंट चढा होता, गंधार 25. ओठांनी झाकलेल्या भोकामुळे हवेच्या स्तंभाची लांबी जणू ठरावीक मापानं वाढते. मंद्र पंचमाच्या लांब स्तंभात ती वाढ कमी जाणवते, गंधाराच्या आखूड स्तंभात जास्त. म्हणजे तानपुरा वर चढवूनही ती बासरी सुरात आली नसती. सप्तकच ताणलं गेलं होतं. 2018 सालचे माझे ओठ त्या बांबूत मोजून ठेवलेले आहेत.

त्या दिवसापासून बनवणं आणि वाजवणं ही दोन कामं मला वेगळी ठेवता येत नाहीत, आणि एकाच्या जागी दुसरं ठेवणंही पटत नाही. हे ठेवणं फार सहज होतं. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांकडे 40 बासऱ्या आहेत, सगळ्या स्वतः केलेल्या, आणि रागांपैकी ते भूपच वाजवतात. त्यांचं बासरीवरचं प्रेम माझ्यापेक्षा कमी नाही, कदाचित जास्तच असेल. पण रियाजात महिनोन्महिने काहीच हाताला लागत नाही, आणि कानशीला मात्र रविवारी संध्याकाळपर्यंत एक वस्तू हातात येते. मी 2019 मध्ये वहीत तास लिहून पाहिले. एका महिन्यात बनवण्यात 31 तास गेले होते, रियाजात 9. रियाजाला वेळ मिळत नाही, असं मी त्याच महिन्यात गुरुजींना सांगितलं होतं.

काकांची गोष्ट याच्या उलट आहे, आणि तिनं माझ्या मनातली सोपी वाटणी मोडली. काका राग वाजवत नाहीत. सुरुवातीला दोन वर्षं शिकले, मग बोटं आखडली म्हणून सोडलं. ते फक्त एकेक स्वर लांब लावतात. तरी गच्चीवरच्या सर्वांत सुरेल बासऱ्या त्यांच्याच. कारण त्यांची फुंक बदलत नाही. सकाळी सातची आणि अकराची फुंक सारखीच. चाळीस वर्षं मायक्रोमीटर हाताळलेल्या माणसाची शिस्त त्यांच्या ओठांत उतरली आहे. याउलट आमच्यात जे छान वाजवतात, त्यांच्या हाती अपुरी बासरी दिली तर ती सुरातच वाजते. त्यांचे ओठ कान सांगेल तसे आपोआप आत-बाहेर वळतात, आणि भोक कुठे चुकलंय हे त्यांनाही कळत नाही. काका त्यांना हात जोडून म्हणतात, "दुरुस्त करू नका हो, नुसती फुंका." ते जमणं कठीण. इतकी वर्षं त्यांनी दुरुस्त करणंच तर शिकलेलं असतं.

व्यवसायात ही दोन कामं बहुधा दोन माणसांत वाटलेली असतात. मिरजेत सतारमेकर तानपुरा घडवतो, गवई येऊन जवारी ऐकतो, हवी तशी उघडून घेतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवघेवीचं आहे. बासरीत मात्र वाजवणाऱ्यानंच वाद्य बदललं, याचं मोठं उदाहरण आहे. पन्नालाल घोष (1911-1960) यांना ख्यालाची संथ आलापी बासरीवर हवी होती, मंद्रात उतरायचं होतं, आणि आखूड बासरीत तो आवाज नव्हता. वेगवेगळ्या नळ्यांवर प्रयोग करत ते 32 इंचांच्या बांबूपर्यंत आले. मंद्रातल्या तीव्र मध्यमासाठी खाली सातवं भोकही त्यांनीच आणलं. त्यांच्या मनात स्वर आधी होता, नळी नंतर आली. आमच्या गच्चीवर नळी आधी येते, आणि स्वर कुणाला हवा होता हे विचारायचं राहून जातं.

म्हणून हल्ली मी दोन नियम पाळतो. नवी कल्पना आली की ती आधी पीव्हीसीच्या नळीवर करून बघायची. वायरिंगच्या 25 मिलिमीटर पाइपचा तुकडा स्वस्त पडतो, आतून गोल असतो, आणि भोक चुकलं तर जीव कळवळत नाही. (पीव्हीसीला मात्र सळई लावू नये. तो धूर विषारी असतो, तिथे ड्रिलच हवं.) दुसरा नियम असा की भोकाला शेवटचा हात त्याच दिवशी द्यायचा नाही. दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला 0.6 मीटरनं बदलतो. दहा अंशांचा फरक स्वराला 30 सेंटांपर्यंत हलवू शकतो. फुंकेनं नळी कोमट होते म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण जानेवारीतल्या सकाळी घासून लावलेला षड्ज एप्रिलच्या दुपारी चढणारच. आणि ओठही ऋतूंसारखे बदलतात. बासरी भिंतीवर टांगून ठेवायची, महिनाभर तिच्यावर रियाज करायचा, मग कानस उचलायची.

गणिताच्या ताईंची मुलगी दहा वर्षांची आहे. तिला शिकायचंय. तिच्या बोटांना पांढरी तीनची भोकं झेपत नाहीत, म्हणून मी पांढरी पाचची बासरी करायला घेतली आणि सहावं भोक करंगळीच्या बाजूला किंचित वळवून पाडलं, म्हणजे अनामिका तिथवर पोचेल. गेल्या रविवारी तिला जवळ बसवून मी भोकं घासत होतो. मी घासायचो, ती फुंकायची. तिची फुंक भोक झाकणारी, नवशिक्याची. प्रत्येक स्वर उतरत होता. तानपुरा चालू होता आणि तो उतरलेला षड्ज तिलाही कळत होता, कारण ती बासरी खाली घेऊन माझ्याकडे बघायची.

"दादा, अजून थोडं घासा ना."

मी काकांना बासरी दिली. त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला. तो तानपुऱ्याच्या चार-पाच सेंट खाली होता, कानशीच्या दोन फेऱ्यांइतका. मी कानस डब्यात ठेवली, बांबूला आतून तेल लावलं आणि बासरी तिच्या हातात दिली. सहा महिन्यांनी घेऊन ये, म्हटलं.